आठव्या घराचं मत

दहावीच्या पेपरात पाच मार्कांचा एक प्रश्न हमखास असायचा: लोकशाहीचे गुणदोष लिहा. मी फळ्याच्या मधोमध रेघ मारायचे, डावीकडे गुण, उजवीकडे दोष, आणि चाळीस मुलं माना खाली घालून ते उतरवून घ्यायची. दुबईतल्या एका भारतीय शाळेत मी इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवत होते. त्या चाळीस मुलांपैकी एकाच्याही आईवडिलांनी कित्येक वर्षांत मत दिलेलं नसेल. इथल्या कारभाराशी आमचा संबंध व्हिसाच्या शिक्क्यापुरता, आणि भारतातल्या निवडणुका आम्ही क्रिकेटच्या मॅचसारख्या टीव्हीसमोर चिवडा खात बघायचो. तरी लोकशाही हा शब्द उच्चारताना माझी मान जरा ताठ व्हायची. आपल्याकडे आहे आणि इथे नाही, असा तो ताठा. नवऱ्याला तो बरोबर ओळखू यायचा. बोटांना लागलेला खडू घेऊन मी घरी आले की म्हणायचा, "आल्या सभापती."

दुबईच्या जुन्या देरा भागात चार मजल्यांच्या एका इमारतीत आम्ही राहायचो. मजल्यावर दोन, अशी आठ घरं. सात घरांत कुटुंबं होती: आम्ही, तिसऱ्या मजल्यावर बँकेत नोकरी करणारे पुण्याचे काका आणि काकू, बाकी गुजराती, मल्याळी, एक गोव्याचं. आठवं घर पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागून. त्यात नऊ पुरुष राहायचे. दुबईत अशा लोकांना बॅचलर म्हणतात, मग गावी बायको आणि चार मुलं का असेनात. ज्याच्या पगारात कुटुंब इथे आणणं बसत नाही तो एकटा, असा तिथला साधा नियम होता, आणि आम्हीही तो शब्द बिनदिक्कत वापरायचो.

त्या नऊ जणांत रत्नागिरीकडचे एक शिंपी होते, कोपऱ्यावरच्या शिलाईच्या दुकानात बसायचे. वय पंचावन्नच्या पुढे, आणि वीस वर्षं याच खोलीत, खिडकीखालच्या याच खाटेवर. सगळी इमारत त्यांना चाचा म्हणायची. आम्ही नवीन राहायला आलो त्या आठवड्यात मी जिन्यात मुलीला मराठीत रागावत होते, ते ऐकून ते दारात येऊन उभे राहिले. "बाई, किती वर्षांनी ही बोलणी ऐकतोय," म्हणाले. "थांबू नका, अजून रागवा." मी हसले आणि मुलगी वाचली. तेव्हापासून तिच्या शाळेच्या प्रत्येक गॅदरिंगचे कपडे चाचांनीच शिवले. कोळीनृत्याचं लुगडं तर त्यांनी माप न घेता शिवलं, नुसतं तिला जिन्यातून उड्या मारत उतरताना बघून, आणि ते अंगाला तंतोतंत बसलं.

मग एका वर्षी उकाडा लवकर सुरू झाला आणि पाण्याचं भांडण उभं राहिलं. गच्चीवर सगळ्या इमारतीला मिळून एकच टाकी. पहाटे पाचला खालचे बहुतेक जण आंघोळी उरकायचे, आणि साडेसहाला घराघरांत शाळेची गडबड सुरू झाली की आमच्या नळातून नुसती हवा यायची. अंगाला साबण लावलेला नवरा बाथरूममधून काय काय बोलायचा ते इथे लिहिण्याजोगं नाही. पाण्याचं निमित्त मिळाल्यावर बाकीचंही वर आलं. जिन्यातल्या चपला. गॅलरीतल्या लुंग्या. भाजलेल्या सुक्या बांगड्याचा वास. तो वास मला आवडायचा, पण काकूंनी नाकाला पदर लावला की मीही लावायचे.

एका शुक्रवारी सकाळी सातही घरं आमच्या हॉलमध्ये जमली. पुण्याचे काका अध्यक्ष झाले. त्यांना कुणी केलं नव्हतं, ते होतेच.

"हे बघा, इमोशनल व्हायचं नाही," ते म्हणाले. "प्रॉपर प्रोसीजरने जाऊ. रेझोल्यूशन पास करायचं, ओनरला सबमिट करायचं. त्या लोकांना फ्लॅट व्हेकेट करायला सांगा म्हणावं. खलास."

हात वर करा, असं कुणीसं म्हणालं. मला कुठलं राहवतंय! मी म्हटलं, "हात नको. गुप्त मतदान घेऊ. एक घर, एक मत. कुणावर कुणाचं दडपण नको." वहीचं पान फाडून सात चिठ्ठ्या केल्या, लाडवाचा रिकामा डबा मधे ठेवला, सगळ्यांना पेनं दिली. आठव्या घराला बोलवावं हे कुणाच्याही मनात आलं नाही. माझ्याही नाही.

आमच्या घराची चिठ्ठी मी लिहिली. चाचांचा चेहरा डोळ्यांसमोर आला नाही, असं नाही. पण रिकामी बादलीही आली, आणि सहा घरं एक म्हणत असताना माझ्या एका मताने काय होणार आहे, असाही विचार आला. मी 'हो' लिहिलं आणि घडी घातली. डबा उघडला तेव्हा सातच्या सात चिठ्ठ्यांवर 'हो' निघालं. काकांनी टाळी वाजवली. आणि मला, खोटं कशाला सांगू, अभिमान वाटला. कसं शिस्तीत पार पडलं.

आमची बारा वर्षांची कन्या सोफ्याच्या हातावर बसून सगळं बघत होती. मंडळी गेल्यावर तिने विचारलं, "आई, दे ऑल्सो लिव्ह हिअर, ना? व्हाय डिडन्ट दे गेट अ चिट?"

"अगं, त्यांच्याबद्दलच तर मत घ्यायचं होतं. त्यांना कशी देणार?"

"देन दॅट्स नॉट डेमोक्रसी. दॅट्स जस्ट मोअर पीपल."

मी तिला अभ्यासाला बसायला सांगितलं.

अर्ज लिहायचं काम ओघाने माझ्याकडे आलं. मी इंग्रजीत असा फर्मास अर्ज लिहिला की काका म्हणाले, हा बँकेत फ्रेम करून लावावा. कौटुंबिक वातावरण, मुलींची सुरक्षितता, सार्वजनिक आरोग्य. पाण्याची टाकी खाली तिसऱ्या परिच्छेदात कुठेतरी होती. शेवटी ठळक अक्षरात लिहिलं: सातही कुटुंबांचा एकमताने निर्णय.

इमारतीचे मालक इथलेच, सत्तरीचे एक म्हातारे गृहस्थ. मागच्या गल्लीत त्यांचं घर होतं आणि दुपारच्या नमाजानंतर घराच्या बाहेरच्या लांब खोलीत त्यांची मजलिस भरायची. गाद्यांवर भिंतीला टेकून लोक बसलेले, मधे खजूर, कहव्याची म्हणजे अरबी कॉफीची सुरई. कुणीही यावं, बसावं, आपलं गाऱ्हाणं सांगावं. तरुणपणी ते गलबतावरून मुंबईला खजूर घेऊन जायचे, त्यामुळे हिंदी चांगली बोलायचे. मी, नवरा आणि काका असे तिघे गेलो. मालकांनी आमची, मुलांची, आमच्या भारतातल्या आईवडिलांची चौकशी केली. काकांनी अर्ज पुढे केला.

त्यांनी तो हातात घेतला, उलटसुलट बघितला, खालच्या सात सह्या मोजल्या आणि विचारलं, "सात घर का बात है. आठवाँ घर किधर है?"

काका म्हणाले, "सर, कम्प्लेंट उनके बारे में है."

"तो उसको बुलाओ. वो नहीं आएगा तो हम कैसे सुनेगा?"

वॉचमनला पाठवलं. दहा मिनिटांनी चाचा दुकानातून तसेच आले, गळ्यात मापाची टेप. आम्हाला बघून त्यांना बरं वाटलं. माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "बाई, काय झालं? पोरगी बरी हाय ना?"

मालक मला म्हणाले, "टीचर, आप पढ़ो. हिंदी में पढ़ो, सब समझेगा."

आयुष्यात इतका कठीण धडा मी कधी वाचला नाही. इंग्रजीत जे वाक्य सुटाबुटात उभं होतं ते हिंदीत उघडं पडलं. चाचांच्या समोर बसून मला म्हणावं लागलं, की हे लोक गंदगी करतात. हे लोक असले की आमच्या मुलींना भीती वाटते. माझी मुलगी तर शाळेतून आली की आधी त्यांच्या दुकानात जाऊन बसायची. माझा आवाज बारीक होत गेला. मालक म्हणाले, "ज़ोर से." शेवटची ओळही मी जोरात वाचली: सातों घर ने एक राय से फैसला किया है. चाचा जमिनीकडे बघत होते आणि टेपची गुंडाळी करत होते, सोडत होते, पुन्हा करत होते.

मालकांनी त्यांना एकच गोष्ट विचारली. पहाटे पाचला इतके जण का आंघोळ करतात? चाचा म्हणाले, त्यांच्यातले सहा जण अल क्वोजला वर्कशॉपमध्ये कामाला आहेत, साडेपाचला कंपनीची बस येते. बस चुकली की दिवस बुडतो.

मालक आम्हाला म्हणाले, "आदमी ज़्यादा नहीं है. टंकी छोटा है. शनिवार को दूसरा टंकी आएगा. ये लोग इधर ही रहेगा." आणि पोराला म्हणावं तसं काकांना, "यल्ला, कहवा पियो."

खटला दोन मिनिटांत संपला. ना ठराव, ना मतदान. शनिवारी खरंच क्रेनने दुसरी टाकी चढली.

मजलिसीच्या दिवशी तिथून परत येताना काका रागारागाने पुढे निघून गेले. चाचा माझ्या बरोबरीने चालत होते आणि मला रस्ता संपता संपत नव्हता. शेवटी जिन्याशी आल्यावर मी म्हटलं, "चाचा, मी नुसतं लिहून दिलं हो. सगळ्यांनी सांगितलं म्हणून. माझं मत तसं नव्हतं."

ते एका पायरीवर थांबले. "लिहिणाऱ्याचा काय दोष, बाई," म्हणाले. मग, "पोरीला पाठवून द्या. गॅदरिंग आलंय ना?"

वर येऊन मी रडले. नवऱ्याला वाटलं, मालकांनी ऐकलं नाही म्हणून रडते आहे. खरं कारण त्यालाही सांगितलं नाही.

पुढची काही वर्षं मी तेच धडे शिकवले, पण ते मला निराळे दिसायला लागले. अथेन्सच्या नागरिकांनी खापरीवर नाव कोरून माणसांना दहा दहा वर्षं हद्दपार केलं. आणि बायकांच्या, गुलामांच्या हातात ती खापरी कधी आलीच नाही. फ्रान्सच्या राजाने नाइलाजाने सभा बोलावली, तर तिथे जुना नियम: धर्मगुरूंचं एक मत, सरदारांचं एक, आणि उरलेल्या सगळ्या देशाचं मिळून एक. दोनास एक. त्यातून पुढे काय पेटलं ते मुलांना तोंडपाठ होतं. मी हे कितीदा शिकवलं असेन, आणि एक घर एक मत म्हणताना मला काही म्हणजे काही आठवलं नव्हतं. डोकी मोजली असती तर आमच्या इमारतीतला दर चौथा माणूस त्या खोलीत राहत होता. मग मी वर्गात एक सवय लावली. कुठलाही तह असो, क्रांती असो, राज्याभिषेक असो, मुलांनी आधी सांगायचं की त्या खोलीत कुणाला बोलावलं नव्हतं. परीक्षेत याला मार्क नव्हते, पण मुलांना हा खेळ आवडायचा.

एकदा मात्र मी वाहवत गेले. म्हटलं, राजा चांगला असला तर न्याय दोन मिनिटांतही होतो, मी डोळ्यांनी बघितलंय. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "अँड आफ्टर हिम, मॅम?" मी म्हटलं, मुघलांचा धडा काढा. वर्ग हसला.

नव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत मालक गेले. चाचा आणि मी, माझा नवरा, काका, सगळे त्यांच्या घरी भेटून आलो. कारभार मुलाकडे आला. मुलगा विलायतेत शिकलेला, वागायला सौम्य, कधी समोर भेटला तर अदबीने बोलला असता. पण तो समोर भेटतच नव्हता. त्याचं ऑफिस काचेच्या एका उंच इमारतीत होतं. मागच्या गल्लीतली ती लांब खोली बंद झाली आणि दोनच महिन्यांत आमच्या दारावर अरबी आणि इंग्रजीत कागद चिकटला: इमारत पाडून नवी बांधायची आहे, तीन महिन्यांत जागा रिकाम्या करा. काका ऑफिसात गेले तर रिसेप्शनवरच्या मुलीने गोड हसून सांगितलं, अर्ज त्या पेटीत टाका. बापाने ज्या अधिकाराने टाकी चढवली होती, त्याच अधिकाराने मुलगा इमारत उतरवत होता. बदललं होतं ते एवढंच, की आता कुणी आठवं घर किधर है म्हणून विचारणार नव्हतं.

पुन्हा शुक्रवार, पुन्हा आमचा हॉल. या वेळी पहिल्या मजल्यावर बोलवायला मी स्वतः गेले. चाचा पांढरा कुडता घालून आले आणि उंबऱ्यातच उभे राहिले. काकांनी उठून त्यांना जागा दिली, हे सांगायला हवं. मधल्या वर्षांत काकांच्या कोटांची अस्तरंही चाचाच बदलत होते.

प्रश्न असा होता. एका अर्जात एकच मागणी घालायची, असं काकांचं म्हणणं. मग ती कोणती? मार्चअखेर मुलांच्या परीक्षा होईपर्यंत मुदत मागायची, की त्याच मालकाच्या दुसऱ्या एखाद्या इमारतीत जागा मागायची? कुटुंबांना कुठेही घर मिळालं असतं, त्यांना वेळ हवा होता. बॅचलरना देरामध्ये आता कुणी दारात उभं करत नव्हतं. त्यांना जागा हवी होती.

निकाल आधीच सांगून टाकते. पाच मतं मुदतीला पडली, तीन जागेला. अर्ज पेटीत टाकला आणि त्याचं उत्तर कधीच आलं नाही. आम्ही शारजाला गेलो, चाचा अल क्वोजला कामगारांच्या खोल्यांमध्ये, आणि वर्षभराने कायमचे गावी. लोकशाहीने त्यांच्यासाठी एवढंच केलं, की हरताना त्यांना हरवणाऱ्यांच्या बरोबरीने बसवलं. हे थोडं आहे की पुष्कळ, ते मला आजही ठरवता येत नाही.

पण मला सांगायचं आहे ते मतं मोजायच्या आधीचं. मी आठ चिठ्ठ्या वाटल्या. चाचा आपली चिठ्ठी दोन बोटांत धरून बसले. सतराव्या वर्षी गाव सोडलेला माणूस, त्यांनी जन्मात कुठेच मत दिलेलं नव्हतं. मला म्हणाले, "बाई, आपलं नाव लिहायचं असतं काय याच्यावर?"

"नाही चाचा," मी वर्गातल्या आवाजात सांगितलं. "म्हणून तर गुप्त म्हणतात. कुणी काय लिहिलं ते कुणालाच कळत नाही."

त्यांनी मान डोलावली आणि अगदी सहज म्हणाले, "सगळ्यांनी एकच लिहिलं तर कळतं ना, बाई."

हॉलमध्ये कुणाच्या काही लक्षात आलं नाही. काका पेनाचं टोपण शोधत होते. माझ्या मात्र लगेच लक्षात आलं. सातों घर ने एक राय से, हे मीच त्यांच्यासमोर जोरात वाचलं होतं आणि तासाभराने जिन्यात सांगितलं होतं, की माझं मत तसं नव्हतं. इतकी वर्षं मी समजत होते की मी त्या घडी घातलेल्या चिठ्ठीत सुखरूप आहे. आणि इतकी वर्षं माझ्या मुलीचे कपडे येत राहिले होते, शिलाईला एक टाका कमी नाही.

मी सगळ्यांसमोर बोलले. "चाचा, त्या वेळी मीही 'हो' लिहिलं होतं. जिन्यात तुमच्याशी खोटं बोलले."

"ठाऊक हाय."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

चाचांनी चिठ्ठी गुडघ्यावर ठेवून सपाट केली, माझ्याकडून पेन घेतलं. "काय बोलायचं?" ते म्हणाले. "बाकी सहा घरांनी तेवढंही सांगितलं नाही. तुम्हाला माझ्याशी खोटं बोलावंसं वाटलं, तेव्हाच मला समजलं की तुम्हाला वाईट वाटलंय. मला तेवढं पुरलं, बाई."